मोटार शर्यतीतील चालकांचे प्राणघातक अपघात

फॉर्म्युला वन, इंडीकार, नॅसकार अशा व्यावसायिक शर्यतींत अव्वल चालकांचा जीव घेणारे अपघात. फॉर्म्युला वनची गाडी ताशी ३०० किमीच्या पुढे धावते. त्या वेगाने जळगावहून भुसावळ जेमतेम पाच मिनिटांवर. पण चालक वाचणार की नाही, हे त्या आकड्यापेक्षा गाडी किती अंतरात थांबते यावर जास्त ठरते. ताशी २०० किमीने आलेली गाडी एका मीटरात थांबली, तर शरीराला स्वतःच्या वजनाच्या सुमारे १५७ पट ओढ बसते. तोच वेग टायरांच्या थरात तीन मीटरांत जिरला, तर ओढ ५२ पटींवर येते. वळणाबाहेरची खडी, टायरांची भिंत, गाडीचे चुरडणारे नाक ही सगळी खटपट त्या दोन जादा मीटरांसाठी असते.

धड पट्ट्यांनी सीटला बांधलेले, डोके मात्र मोकळे. हेल्मेट धरून ते साधारण सहा किलोचे होते. ५० पट ओढीत ३०० किलोच्या जोराने पुढे फेकले जाते आणि कवटीचा तळ मणक्याजवळ फुटतो. बाहेर रक्ताचा थेंबही दिसेल असे नाही. आपण ज्याला मुकामार म्हणतो, त्याचा हा सर्वांत वाईट प्रकार. ३० एप्रिल १९९४ रोजी इटलीतल्या इमोला ट्रॅकवर फॉर्म्युला वन चालक रोलँड रॅट्झेनबर्गर असेच गेले. गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा पुढचा पंख तुटला आणि गाडी वळलीच नाही. १८ फेब्रुवारी २००१ रोजी नॅसकारच्या डेटोना ५०० शर्यतीच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्टही याच इजेने गेले. उपाय तोवर तयार होता. अमेरिकेतले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी १९८० च्या दशकातच ‘हान्स’ कॉलर बनवली होती. ती खांद्यांवर, पट्ट्यांखाली दाबून बसते आणि तिचे दोन बंद हेल्मेटला अडकतात, म्हणून डोके धडाबरोबरच थांबते. अर्नहार्ट यांनी ती घातली नव्हती. नॅसकारने अशी साधने त्याच वर्षी ऑक्टोबरात सक्तीची केली, फॉर्म्युला वनने २००३ मध्ये. हाताशी असलेले साधन इतकी वर्षे पडून राहिले, हे या विषयात सर्वांत जास्त टोचते.

पट्ट्याही पूर्ण बांधाव्या लागतात. आगीतून पटकन बाहेर पडता यावे म्हणून योखेन रिंट मांड्यांमधली पट्टी लावत नसत. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझाला ब्रेकचा शाफ्ट तुटल्यावर ते सीटमध्ये खाली घसरले आणि बकलाने गळा कापला गेला. विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये असे एकदाच घडले आहे.

१ मे १९९४ रोजी इमोलालाच आयर्टन सेना भिंतीवर आदळले. धडक कदाचित सोसली असती. पण निखळलेल्या सस्पेन्शनचा, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांचा, तुकडा हेल्मेटमध्ये घुसला. पुढे चाके गाडीला दोरांनी बांधली जाऊ लागली आणि २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ ही टायटॅनियमची कमान आली. तिचे वजन जेमतेम सात किलो. २०२० मध्ये बहारीनला रोमां ग्रोजाँ यांची गाडी लोखंडी कठडा फाडून दुभंगली आणि पेटली. कठडा कमानीवर अडला. ते भाजलेल्या हातांनी, पण स्वतः बाहेर आले.

जिम क्लार्क ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइमला झाडांवर आदळले. मागच्या टायरची हवा गेली असावी, असे मानले जाते. टायरचे हे गणित खानदेशात रोजच्या कामाचे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा टायर फुटू नये म्हणून रावेर-सावद्याकडून केळी भरून निघालेल्या ट्रकची हवा कमी करणे उलट घातक. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते, थर सुटतात आणि भरल्या गाडीखाली टायर फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, कंपनीने सांगितली तेवढीच भरावी.

काही मृत्यू धडकेनंतरचे आहेत. १९७३ मध्ये झांडफोर्टला रॉजर विल्यमसन उलटलेल्या जळत्या गाडीखाली अडकले. स्वतःची शर्यत सोडून धावलेले डेव्हिड पर्ली एकटेच गाडी उलथवू पाहत होते. ट्रॅकवरच्या कर्मचाऱ्यांकडे आगरोधक कपडे नव्हते. २०१४ मध्ये सुझुकाच्या पावसात ज्यूल्स बियांकी यांची गाडी दुसरी गाडी उचलायला आलेल्या यंत्राखाली घुसली. नऊ महिन्यांनी ते गेले.

आज फॉर्म्युला वनमध्ये जखमी चालकाला सीटसकट उचलता येते; मान हलू नये हा त्यामागचा हेतू. महामार्गावर लोक कळवळ्याने धावतात आणि काखेत हात घालून जखमीला ओढतात. आग किंवा मागून येणाऱ्या वाहनांचा धोका नसेल, तर ओढू नये. एकाने डोके दोन्ही हातांनी सरळ रेषेत धरावे, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. श्वास सुरू असेल तर दुचाकीस्वाराचे हेल्मेट काढू नये, फक्त काच वर करावी.