दर घटला म्हणजे दरी बुजली असं नाही

अर्भकमृत्यूंवरचा कुठलाही अहवाल उघडा, त्यात ठरलेली दोन वाक्यं सापडतात. ‘मृत्युदरात लक्षणीय घट झाली.’ आणि लगेच, जणू त्याचाच पुढचा भाग असल्यासारखं, ‘समाजगटांमधली विषमता कमी करण्यात यश आलं.’ पहिलं बहुतेक वेळा खरं असतं. दुसरं कुणी तपासलेलंच नसतं. दर खाली येणं आणि दोन गटांमधली दरी कमी होणं ही वेगवेगळी कामं आहेत. एक झालं की दुसरं आपोआप होतं, असं समजून कार्यक्रम आखले जातात आणि मग वीस वर्षांनी सगळे आश्चर्य व्यक्त करतात.

दराबद्दल फार सांगत नाही, तो सगळ्यांना ठाऊक आहे. हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत किती बाळं गेली, तो अर्भकमृत्युदर. मातामृत्यू मोजताना हजाराऐवजी लाख धरतात. वर्तमानपत्रं पाच वर्षांखालच्या बालमृत्युदराशी अर्भकमृत्युदराची सर्रास गल्लत करतात. चिडचिड होते, पण इथे त्याने फारसं बिघडत नाही.

दरी मात्र एका आकड्यात दिसतच नाही. अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे वंशानुसार नोंदी दीर्घकाळ ठेवल्या गेल्या आहेत. १९५० साली हजार जन्मांमागे गौरवर्णीय बाळांचा मृत्युदर २६.८ होता, कृष्णवर्णीय बाळांचा ४३.९. २०२२ साली हेच आकडे साधारण ४.५ आणि १०.९ होते. दोन्ही दर किती खाली आले ते दिसतंच आहे. आता वजाबाकी करा: फरक १७ वरून साडेसहाच्या आत आला. दरी कमी झाली! भागाकार करा: आधी १.६ पट होता, आता २.४ पट. दरी वाढली! आकडे तेच. म्हणून मला विचाराल तर दोन्ही गटांचे मूळ आकडे शेजारी शेजारी छापावेत, मग ज्याला जे गणित करायचं ते त्याने करावं. ‘विषमता अमुक टक्क्यांनी घटली’ एवढंच वाक्य दिलं असेल, तर मी पुढचं वाचत नाही.

खरा घोळ मात्र गणितात नाही, उपायात आहे. आपण धरून चालतो, की लोकांना माहिती दिली की जे मागे आहेत त्यांचा जास्त फायदा होईल, कारण त्यांना माहिती कमी आहे. घडतं बरेचदा उलटं. कालव्याला पाणी सुटलं की मुखाजवळचं शेत आधी भिजतं, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचेलच याची खात्री नसते. सगळ्यांसाठी सारखीच असलेली मोहीम अशीच वाहते.

बाळाला पाठीवर झोपवा, हा साधा सल्ला घ्या. झोपेत अचानक होणारे अर्भकमृत्यू टाळण्यासाठी अमेरिकेत १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञांनी तो दिला (तेव्हा पाठीवर किंवा कुशीवर असा) आणि १९९४ पासून त्याची देशभर मोहीम झाली. दहा वर्षांच्या आत असे मृत्यू निम्म्यावर आले. सार्वजनिक आरोग्यात इतकं झटपट यश क्वचित मिळतं. कृष्णवर्णीय बाळांमधलं प्रमाणही घटलं, पण ते गौरवर्णीय बाळांच्या दुप्पट होतं आणि दुपटीच्या खाली काही आलं नाही. पुढे कृष्णवर्णीय महिलांच्या संघटनांना सोबत घेऊन वेगळं काम सुरू झालं, तेव्हा आयांशी बोलताना काय कळलं? सल्ला त्यांनी ऐकलेला होता. पण बाळ पालथं शांत झोपतं, उताणं झोपवलं तर उलटी होऊन गुदमरेल ही भीती वाटते, आणि घरातली आजी सांगते की आम्ही तुम्हाला असंच वाढवलं. काही घरांत बाळासाठी वेगळी खाट ठेवायला जागाच नव्हती. या चारांपैकी एकाही गोष्टीवर पत्रक वाटून उत्तर मिळत नाही. आजीलाच बैठकीत बसवावं लागतं.

मातामृत्यूंत तर हे समीकरण पुरतं कोलमडतं. ‘शिक्षण वाढलं की फरक मिटेल’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. अमेरिकेत २००७ ते २०१६ या काळातल्या गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंचा हिशेब लावला, तेव्हा पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांमधलं प्रमाण शाळाही पूर्ण न केलेल्या गौरवर्णीय स्त्रियांपेक्षा जास्त निघालं. पदवी घेतलेल्या बाईला कुणी आणि काय शिकवायचं? कृष्णवर्णीय टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०१७ मध्ये बाळंतपणानंतर श्वास लागायला लागला. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास तिला आधीपासून होता, त्यामुळे कुठली तपासणी आणि कुठलं औषध हवं, हे तिनेच परिचारिकेला सांगितलं. तरी आधी गुंगीचा परिणाम म्हणून ते झटकलं गेलं. पुढे फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. इथे ज्ञानाची कमतरता पलंगावर नव्हती, पलंगाशेजारी होती. २०२० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ‘हिअर हर’ (‘तिचं ऐका’) मोहीम काढली ती म्हणूनच वेगळी वाटते: धोक्याची लक्षणं ती आईला सांगतेच, पण घरच्यांना आणि डॉक्टर-परिचारिकांनाही सांगते की बाई काहीतरी बिनसलंय म्हणत असेल तर ऐका.

मग दरी कमी करणारं लोकशिक्षण असतं तरी कसं? आपल्याकडचं माझं आवडतं उदाहरण झारखंड-ओडिशातलं आहे. (वंश आणि जमात एक नव्हे, हे मान्य. पण कुणाचं ऐकलं जातं आणि कुणाचं नाही, हा प्रश्न तोच आहे.) पश्चिम सिंहभूम आणि शेजारच्या जिल्ह्यांत, आदिवासी वस्ती मोठी असलेल्या गावांत, ‘एकजुट’ या संस्थेने २००५ ते २००८ या काळात महिलांच्या बैठका घेतल्या. गावातलीच एक बाई बैठक चालवायची. ती आरोग्यसेविका नव्हती आणि भाषण देत नव्हती. चित्रं आणि गोष्टी होत्या, पण चित्रं आपल्याकडच्या जनजागृती शिबिरांतही असतात. फरक होता तो प्रश्न कुणी ठरवायचा यात. आपल्या गावात बाळं कशाने दगावतात, त्यातलं आधी काय हाती घ्यायचं, त्यावर काय करता येईल, हे बायकांनीच ठरवायचं आणि मग सगळ्या गावापुढे मांडायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी या भागात नवजात मृत्युदर (जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू) तुलनेच्या गावांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी होता. हा झाला दर. नंतर संशोधकांनी जो प्रश्न क्वचित विचारला जातो तो विचारला: कुणाचा किती? सगळ्यात वंचित घरांत फरक ५९ टक्क्यांचा निघाला, त्यामानाने बऱ्या स्थितीतल्या घरांत ३६. टेलला पाणी जास्त पोचलं.

हा रामबाण उपाय मात्र नाही. मुंबईतल्या ४८ वस्त्यांत साधारण अशाच महिलागटांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले आणि ठळक फरक काही दिसला नाही. वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तर भागातल्या निदान ३० टक्के गरोदर स्त्रिया बैठकांना येत होत्या तिथेच परिणाम चांगला दिसतो. म्हणजे ‘आम्हीही गट काढले’ एवढं पुरत नाही, किती गट आणि त्यात कोण बसलं हे मोजावं लागतं.

मोजण्याच्या बाबतीत आपण स्वतःला फार सूट देतो. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार (निवडक गावं-वस्त्यांतल्या जन्ममृत्यूंची सरकारी नोंद) महाराष्ट्राचा अर्भकमृत्युदर १६, देशाचा २८. हा आकडा भाषणात छान वाजतो. मेळघाट, धडगाव, अक्कलकुवा हे आदिवासी भाग त्यात कुठेच दिसत नाहीत, कारण नमुना नोंदणीचं वार्षिक बुलेटिन ग्रामीण-शहरी आणि मुलगा-मुलगी असे भाग पाडतं, जमातीनुसार नाही. ते पाहायचं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी उघडावी लागते. तिच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशाचा अर्भकमृत्युदर ३५.२ आहे (मोजण्याची पद्धत वेगळी, म्हणून वरच्या २८ शी तो जुळत नाही) आणि अनुसूचित जमातींचा ४१.६.