घरगुती बिअर : फेस आणि भांड्यातली मोकळी जागा

घरी बिअर आंबवताना द्रवाच्या पातळीपासून झाकणापर्यंत जी जागा सोडतात, ती फेसासाठी. अमेरिकेत १९७९ पासून घरगुती बिअर केंद्रीय कायद्याने मोकळी झाली. तिथला नेहमीचा घाणा ५ गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा, आणि भांडे साडेसहा गॅलनचे, जवळपास २५ लिटरचे असते. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय बिअर करता येत नाही.) वरची ६ लिटर जागा नवख्याला फार वाटते, पण ती पुरेलच असे नाही.

यीस्ट घातल्यावर साधारण १२ ते २४ तासांत माल्टाच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड काढ्यावर पांढरी साय धरते. ती फुगत वर चढते, तिच्यावर हॉप्सचे (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचे) तपकिरी, कडू ठिपके दिसू लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फेस भरात येतो. या फेसाला जर्मन भाषेतून आलेले क्रॉयझेन हे नाव आहे. माल्टातली प्रथिने कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांभोवती पापुद्रा धरतात, हॉप्समधली कडू द्रव्ये तो घट्ट करतात, आणि यीस्टच्या पेशी त्यात अडकून वर येतात. म्हणूनच जास्त प्रथिनांच्या गव्हाची बिअर हमखास उतू जायला बघते. काढा जास्त गरम राहिला तर आंबणे घाईने होते आणि फेसही उसळतो. थंडाव्यात आंबणारी लागर जातीची बिअर त्या मानाने शांत असते.

खरा धोका सांडण्याचा नाही, तुंबण्याचा आहे. एअरलॉकच्या (झाकणावरच्या, आतला वायू सोडून बाहेरची हवा अडवणाऱ्या झडपेच्या) बारीक भोकात हॉप्सचा चोथा अडकला की आत दाब वाढतो आणि भांड्याचे झाकण उडून फेस छतापर्यंत जातो. काचेचा कार्बॉय, म्हणजे अरुंद मानेची मोठी बाटली, तर फुटूही शकतो. हे कुणीही हलक्यात घेऊ नये. यावर साधा उपाय म्हणजे पहिले तीन-चार दिवस एअरलॉकऐवजी अडीच सेंटिमीटर जाडीची नळी बसवून तिचे दुसरे टोक निर्जंतुक पाण्याच्या बादलीत बुडवणे. या काळात भांडे एकदम थंड करू नये, कारण आतला वायू आकसून बादलीतले पाणी उलटे बिअरमध्ये ओढले जाते. इंग्लंडमधल्या बर्टन गावी एकोणिसाव्या शतकात हाच फेस वाकड्या नळ्यांतून वरच्या पन्हळीत चढवत. यीस्ट तिथे खाली बसे आणि बिअर परत पिंपात उतरे.

काही जण सिमेथिकोनचे थेंब टाकून फेस मारतात. पोटातल्या गॅसवर देतात तेच हे औषध. भांडे लहान असेल तर ते उपयोगी पडते, पण मोठे भांडे घेणेच बरे.

वरच्या जागेतल्या हवेची सुरुवातीला काळजी नको. १८० ग्रॅम ग्लुकोज आंबले की २० अंश सेल्सिअसला सुमारे ४८ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो ती हवा केव्हाच बाहेर ढकलतो. फेस बसून काठावर तपकिरी कडे उरले की मात्र हिशेब उलटतो. नवा वायू जवळपास निघत नाही, म्हणून बिअर दुसऱ्या भांड्यात काढायचीच असेल तर ते मानेपर्यंत भरावे. नाहीतर ऑक्सिजन लागून ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. बाटलीत दोन-तीन सेंटिमीटर जागा पुरते.