गुरांपासून गॅसपर्यंत: भरपाईच्या कायद्याचा प्रवास

रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. इंग्लंडमधल्या लँकशर परगण्यात एका गिरणीमालकाने तळे बांधून घेतले. खाली जुन्या खाणींच्या बुजवलेल्या विहिरी होत्या. 1860 च्या डिसेंबरात त्या वाटेने पाणी शेजारच्या कोळसा खाणीत घुसले. मालकाची स्वतःची हयगय नव्हती, तरी भरपाई त्याच्याच माथी आली. घातक वस्तू आपल्या जमिनीवर आणून साठवलीत आणि ती निसटली, तर जबाबदार तुम्ही. हाच कठोर दायित्वाचा नियम. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, 1868 मध्ये तो उचलून धरला. पण त्याआधी, 1866 मध्ये, न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी तो मांडताना पहिला दाखला दिला होता तो शेजाऱ्याच्या पिकात शिरलेल्या गुरांचा. कारखान्यांच्या भरपाईचा कायदा मुळात गुरांच्या भांडणांतून आला आहे.

आपल्याकडे त्या भांडणांसाठी 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आणि कोंडवाडा होताच.

चावणाऱ्या जनावराचा हिशेब मात्र वेगळा. रानटी प्राणी पाळणारा सरसकट जबाबदार. पाळीव जनावर असेल, तर ते मारके किंवा चावरे आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक होते, असे जखमी माणसानेच सिद्ध करायचे. म्हणजे पहिला चावा जवळपास फुकट! 1940 मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने प्राणीसंग्रहालयात सफरचंद भरवणाऱ्याला चावलेला उंट पाळीव ठरवला आणि दावा फेटाळला. 1957 मध्ये सर्कशीतला शिकवलेला बर्मी हत्ती मात्र रानटीच ठरला.

रायलँड्सच्या नियमाला पळवाटा होत्या: दैवी आपत्ती, तिऱ्हाईताचे कृत्य, फिर्यादीची संमती. भोपाळनंतर त्या असह्य वाटू लागल्या. 4 डिसेंबर 1985 ला दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला, आणि 20 डिसेंबर 1986 ला सरन्यायाधीश भगवतींच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निरपेक्ष दायित्व सांगितले: घातक उद्योगाला एकही पळवाट नाही, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी. प्रत्यक्ष भोपाळमध्ये हे तत्त्व लागलेच नाही. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. पुढे 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. तरी 2020 च्या विशाखापट्टणम वायुगळतीत हरित लवादाने पुन्हा 'कठोर दायित्व' हाच जुना शब्द वापरला आणि जाणकारांनी भुवया उंचावल्या.

जनावरांच्या बाबतीत एवढी उडी कोणी घेतली नाही. इंग्लंडने 1971 मध्ये स्वतंत्र कायदा केला, आपण नाही. फौजदारीत जनावराबाबतच्या हयगयीचे दंड संहितेतले कलम 289 आता भारतीय न्याय संहितेचे 291 झाले, दंडाची कमाल हजाराची पाच हजार झाली. जाणूनबुजून किंवा हयगयीने काळजी न घेतल्याची अट तशीच आहे. भटक्या जनावरांना तर मालकच नाही. तिथे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सरकारलाच मुख्य जबाबदार धरले आणि कुत्र्याच्या चाव्यासाठी दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान 10,000 रुपये असा दर ठरवून दिला.