उजनीकाठचे पक्षीनिरीक्षण

भीमा नदीवरील उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी हिवाळ्यात व उन्हाळ्यात पाणपक्षी पाहण्याचा आणि ओळखण्याचा छंद. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातील भीमानगरजवळ आहे. ते १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागर या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाच्या डाव्या काठाला करमाळा तालुका व उजव्या काठाला पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका येतो. पर्यटकांच्या तोंडी इंदापूरच्या बाजूचे भिगवण हे एकच नाव असते. करमाळ्याच्या बाजूची कुगाव, वांगी, चिखलठाण, केत्तूर ही गावेही त्याच पाण्यावर आहेत आणि तिथे गर्दी कमी असते.

पक्षी कधी दिसतील हे ऋतूइतकेच धरणाच्या पातळीवर ठरते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला ६३ टीएमसीहून अधिक साठा मृत, म्हणजे एरवी न वापरायचा, धरला जातो. त्यामुळे ‘धरण शून्यावर आले’ असे म्हणतात तेव्हाही अर्ध्याहून जास्त पाणी आत असते, आणि पातळी त्याखाली गेली की ती ‘वजा’ टक्क्यांत सांगतात. शेतीची आवर्तने सुटतात, सोलापूर शहराच्या पिण्यासाठी औज बंधाऱ्यापर्यंत नदीतून पाणी सोडले जाते आणि इकडे फुगवट्याचा उथळ भाग उघडा पडू लागतो. पुण्या-पिंपरीच्या सांडपाण्यातून वाहून आलेल्या गाळावर शेवाळ व बारीक जीव पोसलेले असतात. पक्ष्यांचे ताट ते हेच. धरण भरलेले असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उशिरा येतात किंवा लांब थांबतात, कारण खोल पाण्यात त्यांचे पाय टेकत नाहीत. म्हणून जाणकार माणूस निघण्याआधी धरणाची टक्केवारी विचारतो. काठावरच्या लोकांना आकडा लागत नाही. पाण्याखाली गेलेला कुगावचा इनामदार वाडा किंवा पलीकडचे पळसनाथाचे मंदिर किती वर आले, यावरून त्यांना अंदाज येतो.

सर्वांत जास्त माणसे येतात ती रोहितासाठी. अग्निपंख हे त्याचे दुसरे नाव तो उडाल्यावरच पटते : उभा असताना पांढुरका दिसणारा पक्षी पंख उघडताच लालभडक आणि काळा होतो. उजनीवर दिसतो तो मुख्यतः मोठा रोहित. त्याची चोच फिकट गुलाबी व टोकाला काळी असते. लहान रोहिताची चोच गडद, दुरून काळीच वाटणारी असते आणि उंचीही बरीच कमी असते. नवख्याची फसगत होते ती राखी-तपकिरी पिलांपाशी. त्यांना गुलाबी होण्यास काही वर्षे लागतात, कारण हा रंग खाद्यातील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे चढतो.

रोहित खाताना पाहण्यात एक तास सहज जातो. तो पायांनी जागच्या जागी गाळ तुडवतो, मान खाली सोडून डोके पूर्ण उलटे करतो आणि चोच पाण्यातून इकडून तिकडे फिरवतो. जाड जीभ पंपासारखी मागेपुढे होऊन पाणी आत ओढते व बाहेर टाकते. चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत अन्न अडकते. समुद्रातले काही महाकाय देवमासे तोंडातल्या झालरीने नेमके हेच करतात. समुद्र न पाहिलेल्या करमाळ्याच्या पोराला देवमाशाचे जेवण समजावून सांगायचे, तर त्याला फेब्रुवारीत काठावर आणून उभे करावे.

उडताना रोहित आणि चित्रबलाक यांची गल्लत होते. रोहित मान व पाय ताणून, सतत पंख मारत ओळीने जातो. चित्रबलाक ऊन तापल्यावर गरम हवेवर घिरट्या घेत वर चढतो. त्याची चोच लांब व पिवळी असते आणि गुलाबी रंग शेपटीकडच्या पिसांपुरताच असतो. चोच मिटली तरी मधे फट राहते तो मुग्धबलाक, शंख-शिंपल्यांतले मांस खाणारा.

दुपारच्या झळांत रंगावर विसंबू नये. आकार, चाल आणि सवय पाहावी. थापट्या बदकांचा घोळका फावड्यासारख्या चोची पाण्याला लावून गोल गोल फिरतो. तलवार बदकाची शेपटी टोकदार असते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हिमालय ओलांडून येतो आणि इथे काठच्या पिकांत चरतो. नारिंगी चक्रवाक बहुधा जोडीने असतो. हळदीकुंकू बदक वर्षभर राहणारे. त्याच्या चोचीचे पिवळे टोक आणि बुडाशी असलेले दोन लाल ठिपके पाहिले की नाव कुणी सांगावे लागत नाही. काळ्या देहाच्या, पांढऱ्या चोचीच्या आणि कपाळी पांढरा टिळा असलेल्या पक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात. हेच पाणी पुढे पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओळखले जाते, तेव्हा उजनीवर त्यांचा मेळा दिसणे शोभूनच दिसते.

उजेडाचा हिशोब सोपा आहे. सकाळी करमाळ्याच्या काठावर सूर्य पाठीशी राहतो, संध्याकाळी इंदापूरच्या. दुर्बीण ८ पट मोठे दाखवणारी पुरते, त्याहून मोठी होडीत हातात थरथरते. होड्या मासेमारांच्याच. चांगला नावाडी थव्याच्या बराच आधी इंजिन बंद करून बांबूने होडी ढकलतो, कारण चिलापी माशांची जाळी लावताना पक्षी किती अंतरावर बिचकतात हे त्याने रोज पाहिलेले असते. फोटोसाठी थवा उडवायला लावणारे पाहुणे हीच त्याची मोठी डोकेदुखी. एकदा उठलेला थवा पुन्हा बसेपर्यंत खाण्याचा वेळ जातो.

एप्रिल-मेमध्ये उघड्या पडलेल्या बेटांवर उतरू नये. नदीसुरय हा पक्षी जमिनीवरच, उथळ खळग्यात अंडी घालतो. मातीच्या रंगाची ती अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. जागतिक यादीत हा पक्षी आता असुरक्षित गणला जातो. डोक्यावर कर्कश ओरडत एखादा सुरय झेपा घेऊ लागला, तर तिथूनच मागे फिरावे.

शहरातून उजनीपर्यंत जाणे जमले नाही, तर सोलापूरकरांना तुळजापूर रस्त्यावरचा एकरुख म्हणजे हिप्परगा तलाव जवळ पडतो. तिथेही पातळी उतरल्यावर पाणपक्षी जमतात, पण पाणी आटले की हंगाम तिथेच आवरतो. उजनीवर तो पहिल्या पावसापर्यंत रेंगाळतो. मग वरच्या धरणांचा विसर्ग भीमेत येऊ लागला की बेटे बुडतात, वाड्याच्या भिंती पाण्याखाली जातात आणि काठाच्या गवतात हळदीकुंकू बदके तेवढी उरतात.