कीचेन विजेरी

किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवता येणारी छोटी विजेरी. बटण-सेल, एखादा ट्रिपल-ए सेल किंवा आत बसवलेली चार्जिंगची लिथियम-आयन बॅटरी यांवर ती चालते.

हिच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. अमेरिकेतील मॅग इन्स्ट्रुमेंट कंपनीची सॉलिटेअर (१९८८) ही ट्रिपल-ए सेलवरची विजेरी आद्य, असे काहीजण मानतात. तिचा तारेचा बल्ब जेमतेम २ ल्युमेनच्या (ल्युमेन हे दिव्याच्या एकूण प्रकाशाचे एकक) आसपास प्रकाश देई. दुसरा पक्ष ऑरेगन राज्यातील लाफिंग रॅबिट कंपनीच्या फोटॉन या बटण-सेलवरील एलईडी दिव्याला हा मान देतो. त्याचा काळ साधारणतः १९९० चे दशक. आजच्या चपट्या, स्वस्त कीचेन विजेऱ्यांची घडण फोटॉनशी जुळते, त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पांढरा प्रकाश मात्र जपानी संशोधक शुजी नाकामुरा यांच्या तेजस्वी निळ्या एलईडीनंतरचा (१९९३). निचिया कंपनीने पांढरे एलईडी १९९६ पासून बाजारात आणले.

बटण-सेलच्या साध्या विजेरीत विद्युत् प्रवाह आवरणारा रोधक बहुधा नसतोच. सेलचा अंतर्गत रोधच ते काम करतो. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या वर दाब लागतो आणि सीआर-२०३२ या प्रचलित बटण-सेलचा दाब ३ व्होल्टच. म्हणून अनेक निर्माते त्याऐवजी निम्म्या जाडीचे दोन सीआर-२०१६ सेल एकावर एक ठेवतात. प्रत्येकाची जाडी १.६ मिमी, म्हणजे जागा तेवढीच आणि दाब ६ व्होल्ट. प्रकाश वाढतो, पण पहिल्या काही मिनिटांतच उतरणीला लागतो. सीआर-२०३२ ची सुमारे २२० मिलिअँपिअर-तास ही क्षमता अत्यल्प प्रवाहावर मोजलेली असते. एलईडी त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, तेव्हा हाती बरेच कमी पडते.

खोक्यावरचे ल्युमेन आणि तास एकाच क्षणाचे नसतात, हे तुलना करताना ध्यानात घ्यावे लागते. विजेऱ्यांच्या मोजमापासाठीच्या अमेरिकेतील एफएल-१ मानकानुसार (२००९) सुरुवातीची प्रखरता दिवा लावल्यानंतर ३० ते १२० सेकंदांत मोजतात आणि प्रकाश तिच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ ‘चालण्याचा काळ’ धरतात. म्हणजे ४० ल्युमेनची विजेरी ५ ल्युमेनवर मिणमिणत असली तरी कागदोपत्री चालूच असते. अनेक हौशी परीक्षक ५० टक्क्यांची मर्यादा वापरतात. वापरणाऱ्याच्या दृष्टीने तीच अधिक प्रामाणिक आहे. दाब वाढवून प्रकाश स्थिर राखणारे विद्युत् मंडल (सर्किट) असलेल्या ट्रिपल-ए विजेऱ्यांत हा घोळ कमी, पण त्यांतल्या काही विजेऱ्या सेल संपताच फारशी सूचना न देता मंदावतात.

नाइटकोर कंपनीच्या ट्यूब या चार्जिंगच्या विजेरीचे कंपनीनेच दिलेले आकडे बोलके आहेत : ४५ ल्युमेनवर सुमारे १ तास, १ ल्युमेनवर ४८ तास. गुणाकार जवळपास सारखाच येतो. बॅटरीत ऊर्जा तेवढीच, ती किती वेगाने खर्चायची हाच प्रश्न. डोळ्यांना प्रकाश दुप्पट वाटायला ल्युमेन दुपटीहून बरेच जास्त लागतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कुलपाचे भोक शोधायला १-२ ल्युमेन पुरतात. त्यामुळे कमी प्रखरतेची पायरी असलेली विजेरी नुसत्या मोठ्या आकड्याच्या विजेरीपेक्षा श्रेयस्कर.

न वापरता ठेवल्यास लिथियम बटण-सेल वर्षानुवर्षे टिकतो. लिथियम-आयन बॅटरी अधूनमधून चार्ज करावी लागते, तर अल्कलाइन सेल झिरपून आतील पत्रा गंजवू शकतो.