मोपा विमानतळ आणि पेडण्याचं गाव-जीवन

मोपा विमानतळ, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, हा उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्यात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, बांधलेला गोव्याचा दुसरा विमानतळ. नाव मनोहर पर्रीकरांचं. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. बांधणारी आणि चालवणारी कंपनी जीएमआर, आणि पहिल्या टप्प्यातली क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची.

त्याआधी गोव्यात येणारं प्रत्येक विमान दक्षिण गोव्यातल्या दाबोळीला उतरायचं. दाबोळी पोर्तुगीजांनी १९५० च्या दशकात बांधला आणि १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर तो नौदलाकडे गेला, त्यामुळे सकाळचे बरेच तास नौदलाच्या सरावासाठी राखीव, नागरी विमानांना उरलेल्या वेळात दाटीवाटी करावी लागायची. १९८० च्या दशकात युरोपातून चार्टर विमानं, म्हणजे पर्यटकांसाठी खास ठरवलेली विमानं, यायला लागली आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांचा सीझन त्यांच्यावर चालायला लागला, तसा हा तुटवडा जास्तच जाणवू लागला. मोप्याला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००० सालीच मिळाली होती पण भूमिपूजन व्हायला २०१६ उजाडलं. पुढे मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण मंजुरी थांबवली, कारण सड्यावरची झाडं, झरे आणि आसपासचं जंगल यांचा हिशोब नीट मांडलेला नव्हता. जानेवारी २०२० मध्ये अटींसकट काम पुन्हा सुरू झालं.

वरून बघणाऱ्याला सडा म्हणजे ओसाड कातळ वाटतो पण मोपा, वारखंड, कासारवर्णे, उगवे, चांदेल या गावांना तसं कधीच वाटलं नाही. पावसाचं पाणी जांभ्यात मुरून खालच्या झऱ्यांना यायचं, उतारावर काजू, वर गुरं चरायची. सड्यावर धनगरांची घरं होती, ती उठवून दुसरीकडे वसवली. हे नुकसान भरपाईच्या रकमेत बसत नाही, आणि मोप्याबद्दल लिहिताना ते आधी सांगायला हवं.

आता पोटापाण्याचं. गावातल्या माणसासाठी विमानतळाचा सगळ्यात जवळचा भाग म्हणजे बाहेर पडण्याचं गेट, कारण आत नोकरी मिळाली नाही तरी बाहेर टॅक्सी चालवता येते. म्हणून खरा झगडा तिथेच झाला. पेडण्यातल्या टॅक्सीवाल्यांनी आंदोलनं करून स्थानिकांसाठी काळ्या-पिवळ्या टॅक्सींचं काउंटर मिळवलं, आणि गोवा माइल्स या टॅक्सी ॲपचं काउंटर इथून हलवा, पार्किंगचे पैसे कमी करा, या मागण्या त्यानंतरही सुरू राहिल्या. प्रवाशाला भाडं जास्त वाटतं हे खरं, पण कर्ज काढून गाडी घेतलेल्याला पावसाळ्यात शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं, बंद असताना भाडं मिळत नाही हेही खरंच आहे. सीझन ऑक्टोबर ते मे, हप्ता मात्र बारा महिने.

किनाऱ्यावर वेगळीच धावपळ. हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी हा पट्टा आधी दाबोळीहून लांब म्हणून जरा शांत होता, आता विमानातून उतरलेला माणूस तासाभरात रेतीवर असतो. जमिनीला भाव आले, भाटं, म्हणजे माडांच्या बागा, विकली गेली, पाणी टँकरचं झालं. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यांना काळोख आणि शांतता लागते आणि नेमकं तेच कमी होत चाललंय.

दक्षिण गोव्याची काळजी निराळी: विमानं मोप्याला वळली तर दाबोळी ओस पडेल ही. मडगावहून मोपा ६० किलोमीटरच्या वर, त्यामुळे मडगावच्या सासष्टी तालुक्यातल्या हॉटेलवाल्यांना ही भीती वाटणं साहजिक आहे.

सिंधुदुर्गाला मोपा अगदी दारात. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची माणसं मुंबई-बेंगळुरूला जायला इथेच येतात आणि आखाती देशात नोकरीला असलेल्यांनाही तो सोयीचा. पण त्यामुळे सिंधुदुर्गातल्याच परुळ्याजवळच्या चिपी विमानतळाची, जो ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, अडचण वाढली, कारण तिथली विमानं मोजकी, आणि तीही कधी चालू कधी बंद.