यरीहोच्या रांजणांतले जळके धान्य

जुलै 2017 मध्ये लेबनॉनमधल्या सीदोन इथल्या पाच प्राचीन सांगाड्यांचा डीएनए अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 3700 वर्षांपूर्वीच्या या कनानी माणसांचा, म्हणजे बायबलनुसार इस्राएली लोकांच्या आधी त्या पट्ट्यात राहणाऱ्यांचा, वारसा आजच्या लेबनीज लोकांत 90 टक्क्यांहून जास्त उतरला आहे, असे त्यात दिसले. लगेच बायबल खोटे ठरल्याचे मथळे झळकले. कारण कनानी नगरांत श्वास घेणारे काहीही जिवंत ठेवू नका, अशी देवाज्ञा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात आहे. मथळेवाल्यांनी बायबलमधल्याच ‘शास्ते’ या पुस्तकाचा पहिला अध्याय चाळला असता, तर सीदोनचे लोक हाकलले गेले नाहीत हे तिथेच मिळाले असते. काहींना नंतर मथळे बदलावे लागले.

मग त्या आज्ञेप्रमाणे संहार खरोखर झाला का? उत्तर शोधायचे तर जॉर्डन नदीजवळच्या यरीहोला जावे लागते. इस्राएलींचा सेनानी यहोशवा याने तिथे स्त्री-पुरुष, म्हातारेकोतारे, बैल-मेंढरे सगळे कापून काढले आणि नगर जाळले, असे त्याच्या नावाच्या पुस्तकात आहे. पुरातत्त्वज्ञ जॉन गार्स्टँगला 1930 च्या दशकात तिथे कोसळलेली तटबंदी सापडली आणि त्याने ती यहोशवाच्या पदरात टाकली. पुढे 1950 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यनने दाखवले की ती भिंत त्याआधी जवळजवळ हजार वर्षांची आहे. जळलेले नगर मात्र खरे होते, आणि त्यात धान्याने भरलेले रांजण होते. लूट झालेली नाही म्हणजे हा संहार देवाला वाहिलेला, असा युक्तिवाद 1990 मध्ये पुरातत्त्वज्ञ ब्रायंट वुड यांनी केला. काळ दिला इ.स.पू. 1400. त्याच्या आधारांपैकी एक होता ब्रिटिश म्युझियमने वय मोजलेला एक कोळसा.

आता खरी गंमत. धान्याचा दाणा मेला की त्यातला कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन ठरावीक वेगाने घटत जातो, आणि त्यावरून वय काढतात. यरीहोच्या दाण्यांत तो सुमारे 66 टक्के उरला आहे. या मोजणीत एक टक्का चूक झाली तर वय 80 वर्षांनी सरकते! नमुन्यात एक टक्का आजचा कार्बन मिसळला, तरी तो सुमारे 40 वर्षांनी तरुण दिसतो. म्हणून नमुना तीनदा धुतात. आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने मातीतले कार्बोनेट काढतात. मग सोडियम हायड्रॉक्साइडने ह्युमिक आम्ले, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेली आम्ले, काढतात. हे अल्कधर्मी द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, म्हणून शेवटी पुन्हा आम्ल. ही तिसरी धुलाई टाळली की आजची हवा नमुन्यात शिरलीच.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या प्रयोगशाळेने 1995 मध्ये यरीहोच्या 18 नमुन्यांचे निकाल दिले. धान्याच्या सहा नमुन्यांची सरासरी 3306 अधिक-उणे 7 वर्षे, कोळशाच्या बारांची 3370 अधिक-उणे 6. एकाच आगीतले, तरी कोळसा 64 वर्षांनी म्हातारा का? लाकडाच्या गाभ्यातली वलये झाड तोडण्याच्या कितीतरी आधी मेलेली असतात, शिवाय जुन्या वाड्याची तुळई नव्या घराला लावावी तसे लाकूड पुन्हा वापरातही येते. धान्य त्याच वर्षीचे. म्हणून दाण्याची साक्ष वजनदार.

हे आकडे 1950 पासून मागे मोजतात. 3306 वजा 1950 म्हणजे इ.स.पू. 1356, यहोशवा जवळ आला म्हणून हुरळून जाऊ नका. हे वय या पद्धतीचा जनक लिबी याच्या 5568 वर्षांच्या जुन्या अर्धायुष्यावर, म्हणजे कार्बन-14 निम्मा व्हायला लागणाऱ्या काळावर, काढण्याची प्रथा आहे. खरे अर्धायुष्य 5730, त्यामुळे शंभरेक वर्षे वाढतात. शिवाय त्या काळच्या हवेत कार्बन-14 टक्काभर जास्त होता, त्याची आणखी शंभरेक. वयाची खात्री असलेल्या वृक्षवलयांच्या आलेखाशी ताडून पाहिले की नगराचा शेवट इ.स.पू. सोळाव्या शतकात जातो.

आणि वुड यांचा कोळसा? 1980 ते 1984 दरम्यानच्या ब्रिटिश म्युझियमच्या कालमापनांत दोष निघाला. त्याचे वय 3080 वरून 3300 झाले, त्रुटीही 40 वरून 110 वर गेली. 220 वर्षांचा फरक म्हणजे मोजणीत पावणेतीन टक्के.

यहोशवाचा काळ इ.स.पू. 1400 घ्या किंवा 1230, त्या वेळी यरीहोला पाडायला तटबंद नगरच नव्हते. यहोशवाने जाळले म्हणतात ते शेजारचे आय नगर तर हजारेक वर्षे ओसाड होते. त्याच यादीतले हासोर मात्र इ.स.पू. तेराव्या शतकात जळले, कुणी जाळले याचा वाद चालू आहे. बढाई ही त्या भागाची रीतच दिसते. इस्राएलशेजारच्या मवाबचा राजा मेशा इ.स.पू. नवव्या शतकातल्या शिलालेखात लिहितो की इस्राएलच्या नबो नगराचे सात हजार लोक मारून आपल्या देवाला वाहिले, आणि इस्राएल कायमचा नष्ट झाला. तो झाला नाही, हे उघडच आहे.

भिंती भूकंपाने पडल्या म्हणजे चमत्कार सिद्ध, हा एक भाबडेपणा. कार्बनने आज्ञेचा प्रश्न निकालात निघाला, हा दुसरा. संहार घडला नसला तरी पुस्तकात देव तो करायलाच सांगतो, आणि ते वाचणाऱ्याला बोचते. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विचारवंत ओरिजेनने त्या नगरांना मनातली पापे मानून सुटका करून घेतली. बाराव्या शतकात ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीझने कायद्याची वाट धरली: आज्ञा कायम, पण ती ज्यांच्याविरुद्ध होती त्या कनानमधल्या सात राष्ट्रांचा मागमूस उरलेला नाही, तेव्हा ती लागू करणार कुणावर? पण 2020 मध्ये लेव्हांतमधल्या, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनारपट्टीतल्या, 73 प्राचीन माणसांच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यातून आजच्या बहुतेक ज्यू आणि अरबी भाषक गटांचा निम्मा किंवा जास्त वारसा कनानसारख्याच लोकसंख्येकडे जातो, असे निघाले.